समज आहे, संमती नाही

आनंदराव इंगवले यांच्या नावाचा 'प्रतिसाद नाही' असा दाखला घ्यायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच त्या सकाळी ठरलं होतं.

दाखला मिळणार याबद्दल कुणालाही शंका नव्हती. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'इंगवले कास्टिंग्ज'चे हे मालक तीन वर्षांपूर्वी भट्टीसमोरच कोसळले होते. मेंदूच्या देठाशी रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण शरीराचा एकही स्नायू हलेना. श्वास स्वतःचा, अन्न नळीने. डोळे उघडे असत, पण कशावर ठरत नसत. "आत किती जाणीव शिल्लक आहे ते सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. घरच्यांनी पहिले काही महिने त्यातलं 'सांगता येत' घट्ट धरून ठेवलं. मग कुणाच्या लक्षातही न येता हळूहळू त्यातलं 'नाही' तेवढं उरलं.

शलाका ही त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा ती जर्मनीत एका प्रयोगशाळेत धातूंवर संशोधन करत होती. ती रजा घेऊन कोल्हापूरला आली, रजा वाढवली आणि शेवटी नोकरीच सोडली. वितळलेल्या लोखंडाचं तंत्र तिला पुस्तकातून पाठ होतं, पण कारखाना चालवणं वेगळं. तिने तोही चालवला. मग पुण्याच्या एका उद्योगसमूहाने कारखाना विकत मागितला, तेव्हा तिने फार आढेवेढे घेतले नाहीत. 'मी थकलेय,' असं ती सगळ्यांना सांगत असे. ते खरंही होतं.

अडचण एकच होती. निम्मी मालकी शलाकाच्या नावावर होती, पण उरलेली निम्मी आबांची, म्हणजे आनंदरावांची होती, आणि आबांची सही आणायची कुठून?

"कोर्टाकडून पालक नेमून घेता येईल," इर्शाद मुजावर म्हणाला. तो कारखान्याचा वकील. त्याचे वडील आबांचे वकील होते, त्यामुळे त्याचं या घरात पोरवयापासून येणंजाणं होतं. "पण आबांना समजत नाही हे आधी सिद्ध करावं लागेल. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे 'स्वहस्त'चा. पट्टा बांधायचा, मजकूर वाचून दाखवायचा. पडद्यावर 'प्रतिसाद नाही' आलं की तो कागद जोडून पुढचं सगळं मी बघतो."

'स्वहस्त' तोवर सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. भाडेकरार असो, भागीदारी असो की खरेदीखत, दस्त सगळे पडद्यावरच होत. सुरुवातीच्या काळात त्यासाठी फोनवर आलेले आकडे टाकले की पुरत असे. पण फोन ज्याच्या हातात, सही त्याची, असा प्रकार सुरू झाला. म्हाताऱ्यांची घरं गेली, बहिणींचे हिस्से गेले, आणि कोर्टात मात्र सगळ्या सह्या अस्सल ठरल्या. त्यातून पुढचा शोध लागला.

माणसाची सही हातात नसते, ती मेंदूत असते. खडू घेऊन भिंतभर सही करा, नाहीतर पायाच्या अंगठ्याने वाळूत करा. वळणं तीच येतात, झटका तोच येतो, शेवटच्या रेघेआधी घेतलेला बारीकसा विसावाही तोच असतो. म्हणजे त्या हालचालीचा एक आराखडा डोक्यात तयार असतो, आणि मेंदू तो मज्जातंतूंतून खाली पाठवतो. 'स्वहस्त'चा पट्टा मनगटाला बांधला की हे हुकूम स्नायूपर्यंत पोचताना ऐकतो. शिवाय मनाविरुद्ध सही करणाऱ्याचा मेंदू दोन हुकूम सोडतो, एक 'कर' म्हणून आणि एक 'थांब' म्हणून. हात सही करतो, पण आतले स्नायू एकमेकांना ओढून धरतात. डोळ्यांना ते दिसत नाही. पट्ट्याला ऐकू येतं.

आणि माणसाने मजकूर समजून घेतलाय की नुसतीच मान डोलावली, हे बघायला मध्येच एक खोटं कलम वाचून दाखवलं जाई. लोक त्याला चकवा कलम म्हणत. चकव्यावरही जो सही करेल, त्याला समज नाही असं धरत. पट्ट्याला काहीच ऐकू आलं नाही, तर 'प्रतिसाद नाही'. आबांची तीच गत होणार होती.

*

ताराबाई पार्कातल्या घरात, खालच्या खोलीत, खिडकीशी आबांचा पलंग होता. इर्शादने त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधला. शलाकाची आई, सुशीलाबाई, पायाशी बसून आबांच्या तळव्यांना तेल लावत होत्या. हे त्यांचं रोजचं काम होतं. वकील आले म्हणून त्या थांबल्या नाहीत.

कारखान्याच्या जुन्या कागदपत्रांमुळे आबांच्या शेकडो सह्या 'स्वहस्त'कडे आधीच नोंदलेल्या होत्या. टॅब्लेटमधून शांत बायकी आवाज आला.

"मी आनंदराव बळवंतराव इंगवले आहे. हे खरं असल्यास सही करा."

आबा छताकडे बघत पडून होते. हात गादीवर तसाच होता, एखादी वस्तू ठेवावी तसा.

पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ थरथरली. मग तिला वळण आलं. आधी 'आ'चा उंच काना, मग पुढची अक्षरं एका दमात, आणि शेवटी खालून मागे ओढलेली लांब रेघ. हिरवी चौकट उमटली. 'सही जुळली.'

"हे काय?" शलाका म्हणाली. "जुनी सही दाखवतंय का ते?"

"थांबा," इर्शाद म्हणाला.

टॅब्लेट बोलत राहिला. "माझा जन्म समुद्रात झाला असून मी व्यवसायाने मासा आहे. हे खरं असल्यास सही करा."

चकवा. रेघ सरळ राहिली. काही क्षण वाट बघून पडद्याने लाल चौकट दाखवली. 'सही केली नाही.'

मग विक्रीचा दस्त वाचला गेला. सबंध दस्त, सोप्या मराठीत, संथ लयीत. शलाकाला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही. ती आबांच्या हाताकडे बघत होती. हात हलत नव्हता.

"हा दस्त मान्य असल्यास सही करा."

रेघ सरळच राहिली. टॅब्लेटने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी निकाल आला, छापील, नेहमीच्या कोरड्या अक्षरांत:

'ओळख पटली. समज आहे. संमती नाही.'

इर्शाद खुर्चीवरून उठला आणि उगाचच भिंतीला टेकून उभा राहिला. सुशीलाबाईंचे तेलाचे हात तळव्यावर होते तिथेच थांबले.

"म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं. "शलू, म्हणजे काय?"

शलाका पलंगाकडे वळली. या खोलीत, याच पलंगाशेजारी उभं राहून, तीन वर्षं ती फोनवर काय काय बोलली होती! 'आबा म्हणजे नुसते आहेत म्हणायचं.' 'आता काय, सुटतील तो दिवस.' नुसत्या दगडाशेजारी बोलावं तसं. आणि दगड ऐकत होता. दर शब्द ऐकत होता, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला रीतसर काहीतरी विचारलं, तर त्याने रीतसर उत्तर दिलं होतं. नाही म्हणून!

"आई," ती कशीबशी म्हणाली, "आबा आहेत."

*

इर्शादने 'स्वहस्त'च्या पुण्यातल्या कचेरीत फोन लावला. मीनल देवधर नावाची तिथली अभियंता पडद्यावर आली. तिने सगळे संकेत तिच्या यंत्रावर ओढून घेतले, चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर आणला.

"चूक नाहीये," ती म्हणाली. "प्रवाह फार क्षीण आहे, स्नायू हलवायला अजिबात पुरेसा नाही. पण हुकूम खाली येतोय. पूर्ण, स्पष्ट, वळणांसकट. रस्ता बंद आहे, पण पत्र निघालंय, असं समजा." ती जरा थांबली. "खरं सांगू का? आम्ही हे भाडेकरारांसाठी बनवलं होतं. असं काही होईल हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तुम्ही न्यूरोलॉजिस्टना लगेच कळवा. आणि तोवर त्यांच्याशी बोला."

"बोलू कशी?" शलाकाने विचारलं. "यात फक्त दस्त घालता येतात."

"मग दस्त घाला," मीनल म्हणाली.

शलाका टॅब्लेट घेऊन पलंगावर बसली. नवा दस्त. नमुना: साधं निवेदन. तिने टाइप केलं:

'मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू येतो.'

आवाजाने तो मजकूर वाचला. रेघ वळली, उंच काना, लांब शेपूट. हिरवी चौकट, दस्त क्रमांक, तारीख, कायदेशीर शिक्का. इतक्या रुक्ष शिक्क्याकडे बघून रडू येईल असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

'मला दुखते आहे.' सही नाही. चुकलं तर नाही ना म्हणून तिने उलटं लिहिलं. 'मला दुखत नाही.' सही. 'मला दिसते.' बराच वेळ गेला, सही नाही. 'मला अंधूक दिसते.' सही. 'मी इतके दिवस जागा होतो.'

यावर रेघ इतक्या झपाट्याने वळली की पडद्याला ती काढायला उशीर झाला.

"अगं, विचार," सुशीलाबाई मध्येच म्हणाल्या, पदराने नाक पुसत, "अंघोळीचं पाणी गार असतं का ते विचार. ती अंघोळ घालणारी बाई घाईघाईत ओतते, मला संशय आहेच."

'अंघोळीचे पाणी गार असते.' सही.

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" सुशीलाबाई गरजल्या. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाल्या, "इर्शाद, बाळा, तू जरा बाहेर बस." तो गेल्यावर शलाकाला म्हणाल्या, "लिही. 'मी सुशीलावर रागावलेलो नाही.'"

"कशाबद्दल?"

"मी त्यांची बुलेट विकली ना. दारात नुसती गंजत पडली होती. ह्यांना न विचारताच दिली."

शलाकाने लिहिलं. आवाजाने वाचलं. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. रेघ सरळ. आवाजाने पुन्हा विचारलं. रेघ सरळ. लाल चौकट.

सुशीलाबाईंनी तोंडावर हात घेतला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. "हेच ते," त्या म्हणाल्या, "अगं, हेच माझे. दुसरं कुणी असतं तर माफ केलं असतं!"

*

न्यूरोलॉजिस्ट दुसऱ्या दिवशी येऊन गेले. त्यांनी स्वतःच्या उपकरणांनी तपासलं, पुन्हा तपासलं, आणि जाताना आबांपुढे उभं राहून, माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "इंगवलेसाहेब, माफ करा. आम्हाला कुठे विचारायचं तेच माहीत नव्हतं." त्यांनी सांगितलं की पुढे बरंच काही करता येईल, नुसती सही नाही तर अक्षरंही वाचता येतील, पण त्याला वेळ लागेल. एवढं ऐकून घरात दिवाळी झाली. शेजारीपाजारी, कारखान्यातली माणसं, सगळे येऊन पलंगापाशी बसून स्वतःचं नाव सांगून जाऊ लागले. ज्याने त्याने आपापलं नाव टाकून, 'मी याला ओळखतो' असा दस्त करून घेतला. कारखान्यातल्या एकाने तर तो छापून चौकटीत लावला.

पण विक्रीचा प्रश्न तसाच उभा होता. पुण्याहून विचारणा आली. शलाकाने ठरवलं, आबा नाही म्हणतात तर विषय संपला. त्यांनी उभा केलेला कारखाना, त्यांची भट्टी. तिला लाजच वाटत होती.

"पण नाही कशाला म्हणालेत, ते विचारलंत का?" इर्शादने टोकलं. "दस्तात बरीच कलमं आहेत. एकेक करून विचारा."

तिने दस्ताचे तुकडे केले. दर कलम म्हणजे एक वेगळा दस्त.

'जागा विकण्यास माझी संमती आहे.' रेघ वळली. सही.

'दोन्ही भट्ट्या व सर्व यंत्रे विकण्यास माझी संमती आहे.' सही. लगेच.

'कारखान्याचे नाव बदलण्यास माझी हरकत नाही.' सही.

शलाका थक्क झाली. ज्या नावासाठी हा माणूस उभा जन्म राबला असं सगळे म्हणत, ते त्याने एका रेघेत सोडून दिलं. कामगार कायम ठेवण्याच्या कलमावर सही, जुन्या गिऱ्हाइकांच्या कलमावर सही. एकेक हिरवी चौकट येत गेली आणि ती शेवटच्या पानावर पोचली. तिथलं कलम तिने स्वतःच घालायला लावलं होतं.

'दुसरी पक्षकार, म्हणजे कन्या शलाका, ही कोल्हापुरातच राहून पहिल्या पक्षकाराची आयुष्यभर देखभाल करण्यास बांधील राहील.'

रेघ सरळ.

तिने पुन्हा वाचून घेतलं. लाल. शब्द बदलले, 'बांधील' काढून 'स्वखुशीने' घातलं. लाल. 'आयुष्यभर' काढलं. लाल.

"आबा," ती टॅब्लेट खाली ठेवून म्हणाली, "मी नाही करायचं तर कोण करणार?"

उत्तर यायला दस्त नव्हता, त्यामुळे आलं नाही. सुशीलाबाईंनीच तोंड उघडलं. "नको म्हणतायत गं ते. तीन वर्षं इथं पडून दुसरं काय बघितलंय त्यांनी? तुझे हाल. तू जर्मनी सोडून आलीस ते. रोज रात्री जेवायचं टाळून फोनवर भांडतेस ते. कारखाना कुणीही घेऊ दे म्हणतायत. तुला बांधून घालायचं नाही म्हणतायत."

शलाकाने ते कलम काढून टाकलं आणि उरलेला दस्त सबंध वाचून दाखवला. या वेळी आवाज संपायच्या आतच सही उमटली.

*

विक्रीचा दिवस ठरला. समारंभ असा नव्हताच. पुण्याची माणसं पुण्यात, इंगवले कोल्हापुरात, दस्त मध्ये कुठेतरी हवेत. पुण्याकडच्या सह्या आधीच झाल्या होत्या. आबांच्या मनगटाला पट्टा होताच, तो आता कुणी काढतच नसे. त्यांनी सही केली. राहिली शलाका.

इर्शादने तिच्या मनगटाला दुसरा पट्टा बांधला. तिने चकवा कलम हसून नाकारलं. ('मी एक तांब्याचा हंडा असून मला दोन मुले आहेत.') मग पेन घेऊन पडद्यावर सही केली. सुरेख, वळणदार. रोजच्यासारखी.

पडदा जरा थबकला.

'ओळख पटली. समज आहे. संमती नाही.'

"काय झालं?" ती म्हणाली.

"ताण असेल," इर्शाद म्हणाला. "होतं असं. परत करा."

तिने पुन्हा केली. पुन्हा तेच. इर्शादने चहा मागवला. सगळ्यांनी चहा घेतला. त्याने तिला कारखाना सोडून भलतंसलतं काही विचारलं, चित्त दुसरीकडे जावं म्हणून. मग तिसऱ्यांदा सही. हात अजिबात अडखळला नाही. पट्ट्याने मात्र ऐकायचं ते ऐकलं, आणि पडद्यावर लाल चौकट आली.

शलाका आपल्याच मनगटाकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत राहिली. या हाताला काय माहीत होतं? ती थकली होती हे खरं होतं. भांडणं खरी होती. पण भट्टीचं तोंड उघडलं की अंगावर येणारी ती धग, लोखंडाचा रस ओतताना सगळ्यांचं एकदम गप्प होणं, साचा फुटून आतून निघणारा भाग हातात घेऊन बघणं, हेही खरं होतं. प्रयोगशाळेत ती धातूचे नखाएवढे तुकडे भिंगाखाली बघत असे. इथे तिने त्याला वाहताना बघितलं होतं. हे सगळं आबांसाठी करतेय, असं ती स्वतःला सांगत आली, आणि ओझं म्हणूनच ते उचलत आली. आता आबांनी ओझं काढून घेतलं होतं, आणि हात रिकामा व्हायला तयार नव्हता!

"हे बघा," इर्शाद हलकेच म्हणाला, "यंत्राचं ऐकायलाच हवं असं नाही. निबंधकाकडे जाऊन शाईने सही करता येते अजून. जुनी पद्धत आहे, पण चालते. तुम्ही म्हणाल तसं."

"नको," ती म्हणाली. तिने पट्टा सोडला. "यंत्राने नुसतं विचारलं. उत्तर माझंच होतं." मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखी, "मला नाही विकायचा, इर्शाद. बाई गं! मला नाही विकायचा कारखाना."

पुण्याच्या लोकांना काय सांगायचं, किती बोलणी खायची, ते सगळं पुढे होतं. ती पलंगापाशी गेली आणि आबांच्या कानाशी वाकली.

"आबा, तुमची सही झाली. माझी होत नाहीये. काय करू?"

टॅब्लेट पलंगावर उघडाच होता. कुठलाही दस्त त्यात नव्हता, कुठलाही प्रश्न नव्हता. तरी कोपऱ्यातली रेघ थरथरली. सही नव्हती ती. वर गेली, धपकन खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. पडद्याला काही जुळेना. 'अनोळखी हालचाल' असं तो दाखवू लागला.

"झटका वगैरे आला का?" इर्शाद घाबरून म्हणाला. "मीनलबाईंना लावू का फोन?"

सुशीलाबाईंनी वाकून रेघेकडे बघितलं. ती वर जात होती आणि धपकन खाली येत होती, वर जात होती आणि धपकन खाली येत होती. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"कुणाला फोन नको," त्या म्हणाल्या. "मांडीवर थापा मारतायत ते. खदखदून हसताना मारायचे की."

खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. आबा छताकडे बघत निश्चल पडले होते, चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलत नव्हती, आणि पडद्यावर त्यांचं हसू थांबायचं नाव घेत नव्हतं.